यार्डात नऊ महिने उभी राहिलेली नवी गाडी

परवा विमा कंपनीचे नूतनीकरणाचे पत्र आले. त्यात आमच्या गाडीच्या नोंदणीचा महिना जानेवारी 2025 आणि शेजारच्या रकान्यात उत्पादनाचे वर्ष 2024 असे छापले होते. समोरच्या घरातले काका तेव्हा वर्तमानपत्र परत करायला आले होते. त्यांनी ते वाचले आणि "म्हणजे तुम्हाला जुनी गाडी खपवली की काय?" असे अगदी काळजीच्या स्वरात विचारले. खपवली नव्हती. आम्ही ती जाणूनबुजून, तारीख विचारून आणि त्या तारखेची किंमत वसूल करून घेतली होती. तरीही वर्षभरात हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत तीन-चार जणांनी विचारल्यामुळे, विक्रेत्याच्या यार्डात न विकता पडून राहिलेली नवी गाडी घेताना आम्ही काय पाहिले, कुठे चुकलो आणि हिशेब कसा बसला, हे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम करते. आमची आधीची गाडी 14 वर्षे वापरून झाली होती आणि दिवाळीनंतर तिने दोनदा भर चौकात साथ सोडल्यावर नवी घेण्याचे ठरले. शोरूमच्या फेऱ्या सुरू होईपर्यंत पौष लागला. सासूबाईंचा पौषातल्या खरेदीला ठाम विरोध असतो. "बघून या, पण पैसे अमावास्येनंतर द्या," एवढी सवलत त्यांनी दिली. या सवलतीचा आम्हाला किती फायदा होणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात शोरूममध्ये पाणी विचारायलाही माणूस मोकळा नसतो. पौषात मात्र आम्हाला दोनदा चहा मिळाला, व्यवस्थापक स्वतः खुर्ची ओढून बसले आणि आम्ही उठायला लागलो तेव्हा विक्री पाहणारा मुलगा आवाज किंचित खाली आणून म्हणाला, "मॅडम, चोवीसची एक गाडी आहे स्टॉकमध्ये. कलर तुम्हाला हवा तोच आहे. त्यावर चांगलं बसवून देता येईल."

जानेवारीत "चोवीसची गाडी" म्हटले की ऐकणाऱ्याला ती डिसेंबरची, म्हणजे तीन-चार आठवड्यांपूर्वीची वाटते. प्रत्यक्षात "चोवीसची" या शब्दात बारा महिने मावतात. आमचा सगळा व्यवहार या एका शब्दाभोवती फिरला.

गाड्या अशा पडून का राहतात, हे आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय सवलतीचा आकडा मागता येत नाही. कंपनी गाडी कारखान्यातून पाठवते तेव्हाच तिचे बिल विक्रेत्याच्या नावावर फाडले जाते आणि कंपनीच्या लेखी ती गाडी तिथे विकली गेलेली असते. विक्रेता ते पैसे बहुधा बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या उचलीतून भरतो आणि गाडी ग्राहकाच्या हाती जाईपर्यंत तिच्यावर व्याज मोजतो. 2024 साल या बाबतीत वाईट गेले. उन्हाळ्यात निवडणुका आणि कडक ऊन, पुढे पाऊस, त्यानंतर पितृपक्ष असे करत गाड्या साठत गेल्या आणि वाहन विक्रेत्यांच्या देशव्यापी महासंघाने, म्हणजे 'फाडा'ने, सप्टेंबर 2024 अखेर मोटारींचा साठा 80 ते 85 दिवसांच्या विक्रीइतका, सुमारे 7.9 लाख गाड्यांचा झाल्याचे जाहीर केले. साठा साधारण तीन आठवड्यांचा असावा, असे हाच महासंघ म्हणत आला आहे.

आता एका गाडीपुरता हिशेब करू. विक्रेत्याने गाडीपोटी साडेआठ लाख भरले आणि व्याज समजा दहा टक्के धरले, तर महिन्याला सात हजारांच्या थोडे वर जातात. नऊ महिन्यांत 63 हजार. विक्रेत्याला एका गाडीमागे सुटणारा नफा मोजक्या टक्क्यांचा असतो, आणि तो या व्याजात केव्हाच विरघळलेला असतो. म्हणजे अशी गाडी आणखी चार महिने उभी राहण्यापेक्षा आज तोट्यात गेलेली त्याला परवडते. ग्राहकाला मात्र शोरूममध्ये "मॅडम, ही शेवटची राहिली आहे, उद्या मिळेलच असे नाही," असे ऐकवले जाते. नऊ महिने ज्या गाडीला गिऱ्हाईक मिळाले नाही, ती उद्या सकाळी पळणार आहे यावर विश्वास ठेवायला माणूस फारच भाबडा असावा लागतो. मी पहिल्या दिवशी थोडीशी तशी होते. अकरा हजार रुपये देऊन बुकिंग करण्यासाठी हात पर्सकडे गेला होता. पौष आडवा आला म्हणून थांबले.

त्या पहिल्या शोरूमचे नाव मी इथे लिहिणार नाही, पण तिथे घडले ते सांगितलेच पाहिजे. गाडी नेमकी कोणत्या महिन्यात बनली, असे विचारल्यावर त्या मुलाने "जून-जुलै असेल" असे मोघम उत्तर दिले. मी चासी नंबर मागितला. तो बुकिंगनंतर मिळतो, असे सांगण्यात आले. बुकिंग गाडीचे करायचे आहे आणि गाडी कोणती ते बुकिंगनंतर कळणार, हा न्याय मला पटला नाही. बराच वेळ वाद घातल्यावर त्यांनी आम्हाला मागच्या शेडमध्ये नेले आणि गाडी दाखवली. मी पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसणाऱ्या पट्टीवरचा सतरा अक्षरांचा नंबर वहीत उतरवून घेतला. त्यातले दहावे अक्षर 'पी' होते.

या दहाव्या अक्षराविषयी थोडे. चासी नंबर जगभर सतरा अक्षरांचा असतो आणि बहुतेक कंपन्या दहाव्या जागी वर्षाचे अक्षर घालतात. 2022 साठी 'एन', 2023 साठी 'पी', 2024 साठी 'आर', 2025 साठी 'एस'. मधले 'ओ' आणि 'क्यू' गाळलेले आहेत, कारण ते शून्यासारखे दिसतात. 'आय'ही एक या आकड्याशी गोंधळ नको म्हणून वापरत नाहीत. आपल्याकडच्या अनेक कंपन्या महिनाही त्याच नंबरात एका अक्षराने दाखवतात, पण त्याची जागा कंपनीगणिक बदलते. त्यामुळे एका कंपनीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लावू नये. नंबरावर विसंबायचे नसेल तर टायरकडे पाहावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी शिवलेल्या पट्टीवरही तारीख सापडते. गाडीचे सुटे भाग गाडीच्या आधी बनतात, नंतर नव्हे. म्हणून टायरची तारीख गाडीच्या सांगितलेल्या महिन्याच्या थोडी आधीची असणे स्वाभाविक आहे. पण ती बरीच आधीची निघाली तर सांगितलेला महिना संशयास्पद ठरतो, आणि नंतरची निघाली तर टायर बदलले गेले आहेत आणि ते का, हे विचारावे लागते.

'पी' असलेल्या त्या गाडीच्या टायरवर 4423 होते. म्हणजे टायर 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातले आणि गाडी बहुधा त्याच वर्षाच्या शेवटाची. चोवीसची तर नव्हतीच. त्या मुलाला हे दाखवल्यावर तो ओशाळला. त्यालाही वरून तेच सांगितले गेले असावे. व्यवस्थापकांनी मात्र "मॅडम, आरसी तर पंचवीसचीच निघणार ना!" असे म्हणून हसण्यावारी नेले. हे अर्धेच खरे आहे. आरसीवर नोंदणीची तारीख येते तसा उत्पादनाचा महिना आणि वर्षही येते. विक्रेता देतो त्या विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, हा महिना भरावाच लागतो. लपवलेली तारीख शेवटी कागदावर उघडी पडते, फक्त तोपर्यंत आपले पैसे गेलेले असतात. आम्ही तिथून उठलो.

दुसऱ्या शोरूममध्ये त्याच कंपनीची, त्याच प्रकारातली गाडी होती आणि तिथल्या बाईंनी पहिल्याच वाक्यात "एप्रिल चोवीसची आहे, मे महिन्यापासून यार्डात आहे," असे स्वच्छ सांगून चासी नंबर कागदावर लिहून दिला. मला त्यांचा हा सरळपणा इतका आवडला की घासाघीस करताना थोडा संकोच वाटला. तो संकोच मी बाजूला ठेवला.

आता आकडे. जानेवारीत कंपनीने किमती वाढवल्या होत्या, त्यामुळे 2025 मध्ये बनलेल्या गाडीची एक्स-शोरूम किंमत 9 लाख 27 हजार आणि तिच्यावर सूट 20 हजार, म्हणजे 9 लाख 7 हजार. एप्रिलच्या गाडीला जुनीच किंमत, 9 लाख 12 हजार, आणि तिच्यावर सुरुवातीला देऊ केलेली सूट 50 हजार. वर सांगितलेला व्याजाचा हिशेब माझ्या वहीत होता. तो मी त्यांना दाखवला नाही, पण त्याच्या जोरावर 85 हजारांपर्यंत येऊन थांबले. गाडी 8 लाख 27 हजारांना पडणार होती. कोऱ्या गाडीपेक्षा 80 हजारांनी स्वस्त. ॲक्सेसरीजच्या रूपात सूट देण्याचा त्यांचा प्रस्ताव मी नाकारला. सीट कव्हर, दाराच्या पट्ट्या आणि चटया यांची शोरूममधली किंमत आणि बाहेरच्या दुकानातली किंमत यांत इतके अंतर असते की पंधरा हजारांची भेट घरी पोहोचेपर्यंत सात हजारांची होते.

पण 80 हजार हा निव्वळ फायदा नव्हे. आपल्याकडे वापरलेल्या गाडीचा सौदा "कितवं मॉडेल?" या प्रश्नाने सुरू होतो, आणि इथे मॉडेल या शब्दाचा अर्थ वर्ष असा आहे. आमची गाडी जन्मभर 'चोवीसचं मॉडेल' राहणार, जरी तिने रस्ता पंचवीसमध्ये पाहिला. तीन वर्षांनी विकली असती, तर एका वर्षाच्या फरकाने साठ-सत्तर हजार कमी मिळाले असते, असा माझा अंदाज होता. म्हणजे सूट जवळजवळ परत गेली असती. दहा-बारा वर्षांनी विकायची असेल तर मात्र चोवीस आणि पंचवीस यांतला फरक दहा-पंधरा हजारांवर येतो. आमच्या घरात गाडी विकत नाहीत, ती झिजवतात. आधीची 14 वर्षे चालली, तिच्या आधीची स्कूटर 19 वर्षे. अशा घरासाठी वर्षाचा तोटा फारसा नाही आणि सूट पुरती हातात राहते. दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनी मला विचारले असते, तर मी त्यांना कोरी गाडी घ्यायला सांगितले असते.

आमच्या बाजूने आणखी दोन गोष्टी होत्या. खासगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात आणि कंपनीची वॉरंटी गाडी ग्राहकाला विकल्याच्या तारखेपासून. यार्डातले नऊ महिने या दोन्हींत धरले जात नाहीत. वॉरंटीच्या बाबतीत एक खाच आहे, ती मला पतसंस्थेतल्या एका कर्जदाराने सांगितली. महिनाअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी काही विक्रेते न विकलेली गाडीही कंपनीच्या संगणकात विकलेली दाखवतात; त्यांच्या भाषेत याला 'रिटेल पंच करणे' म्हणतात. तसे झाले असेल तर वॉरंटीचे घड्याळ ग्राहक येण्याआधीच चालू झालेले असते. म्हणून वॉरंटीची सुरुवातीची तारीख मी लेखी मागितली, आणि ताब्यात आल्यावर कंपनीच्या ॲपवर ती पुन्हा पडताळली.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस यार्डाचा. मुंबई-आग्रा महामार्गावर विल्होळीच्या बाजूला पत्र्याच्या कुंपणात दीडएकशे गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. डोक्यावर छप्पर नव्हते. सोबत आमचे गॅरेजवाले काका होते, ज्यांनी आधीची गाडी चौदा वर्षे सांभाळली. शोरूमच्या दिव्यांखाली पुसून ठेवलेली गाडी पाहण्यात अर्थ नाही, ती उभी असेल तिथेच आणि धूळ पुसण्याआधी पाहायची, हा त्यांचा आग्रह. आमची गाडी कडुनिंबाच्या झाडाखाली होती. वायपरच्या खाचेत वाळलेल्या पानांचा गच्च थर बसला होता आणि पावसाळ्यात तो कुजून त्याची काळी माती झाली होती. बॉनेटवर प्रवासात ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला पांढरा कागद तसाच होता. तो खरे तर यार्डात उतरल्यावर काढायचा असतो. काकांनी त्याचा कोपरा नखाने उचलला, तर कागद फाटला आणि गोंद तिथेच राहिला. "उन्हानं भाजलाय," एवढेच ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून व्होल्टमीटर काढला. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, आमची 11.9 दाखवत होती. यार्डातला माणूस म्हणाला, चार्ज करून देतो. काका म्हणाले, चार्ज नको, बदलून द्या. रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग ती चार्ज होते पण टिकत नाही, आणि तिने पहिल्या थंडीत दगा दिल्यावर "तुमचा वापर कमी आहे" असे ऐकावे लागते. ब्रेकच्या चकत्यांवर नारिंगी गंज होता. तो गाडी दोन-चार किलोमीटर चालली की निघून जातो, त्याला त्यांनी महत्त्व दिले नाही. टायरवर 0924 होते, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सीमेवरचे, एप्रिलच्या गाडीशी जुळणारे. मात्र एकाच जागी वजन राहिल्याने खालच्या बाजूला चपटेपणा आलेला होता. काकांनी तळहात फिरवून तो मलाही जाणवून दिला.

टाकीचे झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडे केले. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढते. पावसाळा काढलेले चार लिटर पेट्रोल नव्या इंजिनात जाळण्यापेक्षा काढून टाकलेले बरे. शेवटी त्यांनी डाव्या बाजूचा कप्पा खाली उतरवून एसीचा फिल्टर बाहेर ओढला. फिल्टरच्या घड्यांत भुईमुगाच्या शेंगांची टरफले आणि कापसाचा बोळा होता. कापूस सीटच्या खालचा होता. यार्डातला माणूस गप्प झाला. पुढचा अर्धा तास काका बॅटरीवर चालणारा दिवा घेऊन बॉनेटखाली वायरी तपासत राहिले. वायर कुरतडलेली नव्हती. उंदराने घर केले होते, पण जेवण बाहेर केले होते. फिल्टरचा खोका बंद करताना काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, गाडी जुनी नाहीये ही. हिला कुणी उठवलंच नाही एवढे दिवस."

घरी येऊन मी शोरूमला ईमेल लिहिला. गाडीचा चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना त्यांनी उत्तरात लिहून द्यावा, बॅटरी नवी बसवावी, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एसीचा फिल्टर बदलावा, टाकी रिकामी करावी, सीटखालचा फाटलेला भाग बदलावा, बॉनेटवरचा गोंद काढून पॉलिश करावे, आणि ताशी 80 च्या वेगाला चाके थरथरली तर टायर बदलून द्यावेत. आणि हे सगळे झाल्यावर काका पुन्हा गाडी पाहतील, त्यानंतरच बिल फाडावे. हा शेवटचा मुद्दा मी दोनदा लिहिला. बिल, विमा आणि नोंदणी झाली की गाडी आपली होते आणि त्यानंतर सापडलेला प्रत्येक दोष 'सर्व्हिसचे काम' होऊन बसतो. नोंदणी आता विक्रेत्याच्या पातळीवरच होते आणि नंबरप्लेटही तेच बसवून देतात, त्यामुळे ग्राहकाला व्यवहार थांबवण्याची संधी कमी मिळते; ती आधीच वापरावी लागते. टायरची अट सोडून बाकी सगळे त्यांनी एका दिवसात मान्य केले. टायरसाठी तीन दिवस निरोपांची देवाणघेवाण झाली.

बिल आणि नोंदणी 30 जानेवारीला झाली, अमावास्या सरल्यावर दुसऱ्याच दिवशी. गाडी रथसप्तमीला, 4 फेब्रुवारीला घरी आली. रथ त्याच दिवशी आला म्हणून सासूबाई अजूनही या खरेदीचे अर्धे श्रेय स्वतःकडे घेतात, आणि पौषामुळे पहिल्या शोरूमचे अकरा हजार वाचले हे लक्षात घेता त्यांचा वाटा अर्ध्याहून जास्तच असावा. किलोमीटरच्या काट्यावर 58 चा आकडा होता. यार्डातून शोरूम, शोरूमहून वर्कशॉप एवढ्याचा हा हिशेब बसतो. दोनशे-तीनशे असते तर मी डेमो गाडीचा संशय घेतला असता. पहिल्याच आठवड्यात सिन्नरच्या रस्त्याला ताशी 80 ला स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर लागली. आम्ही तीनशे किलोमीटर चालवून पाहिले, कारण टायर गरम होऊन चपटेपणा बहुधा आपोआप जातो. मागच्या दोन टायरांचा गेला, पुढच्या दोघांचा गेला नाही. ईमेल दाखवल्यावर ते दोन बदलून मिळाले. लेखी नसते तर मिळाले नसते, असे तिथल्याच एका माणसाने मला चहा पिता पिता सांगितले.

पडून राहिलेल्या मालाच्या सवलतीत कधीकधी एक मुदत दडलेली असते, ती आमच्या वेळी नव्हती हे नशीब. 2017 साली माझ्या भावाने 31 मार्चच्या संध्याकाळी रांगेत उभे राहून स्कूटर घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्चला निकाल देऊन बीएस-3, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांवर बनलेल्या, गाड्यांची विक्री 1 एप्रिलपासून बंद केली होती आणि देशभर आठ लाखांहून जास्त गाड्या, त्यात बहुतांश दुचाक्या, विक्रीविना पडून होत्या. त्या दोन दिवसांत शोरूमबाहेर लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी होती. भावाला चांगली सूट मिळाली, पण नोंदणीचा कागद हाती येईपर्यंत त्याची झोप उडाली होती. 1 एप्रिल 2020 ला बीएस-4 च्या बाबतीत पुन्हा हेच झाले. म्हणून जुन्या साठ्यातली गाडी पाहताना कोणता नियम कधी बदलणार आहे, हे एकदा विचारून घ्यावे. आमची एप्रिल 2024 ची गाडी बीएस-6 च्या दुसऱ्या टप्प्यातली, जो 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला, त्यामुळे तिला कुठलीच मुदत आडवी येत नव्हती. तीच गोष्ट तिच्या इंधनाबाबतही. त्या टप्प्यापासूनच्या पेट्रोल गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील अशा साहित्याच्या बनतात.

हिशेबाला खरा धक्का बसला तो सप्टेंबरात, आणि तो माझ्या वहीत कुठेच नव्हता. 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली, 3 सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मधल्या पाच आठवड्यांत, त्यातले दोन पितृपक्षाचे, शोरूममध्ये कोणी फिरकले नसेल याची कल्पना करता येते. साठ्यातल्या गाड्यांवर विक्रेत्यांनी जो उपकर आधीच भरला होता, तो पुढच्या करात वळता करायला जागा उरली नाही, हे त्यांचे वेगळे दुखणे. मी त्या रात्री आकडे मांडले. 9 लाख 27 हजारांच्या गाडीची किंमत नव्या दराने सुमारे 79 हजारांनी उतरून 8 लाख 48 हजारांवर आली होती आणि दसऱ्याची सूट धरली तर कोरी, पंचवीसची गाडी आमच्या किमतीला मिळत होती. जी 80 हजारांची बचत मी यार्डातली धूळ, उंदीर आणि टायरचा पत्रव्यवहार सोसून मिळवली होती, ती एका घोषणेने सगळ्यांना घरबसल्या मिळाली. नवऱ्याने वही बंद करून ठेवायला सांगितली. अर्थात सप्टेंबरपर्यंतचे आठ महिने आम्ही रिक्षाने फिरलो असतो, आणि जानेवारीत हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण हिशेब तपासणाऱ्या माणसाला असा खुलासा पुरत नाही, हेही खरे.

गाडी आता अकरा हजार किलोमीटर चालली आहे. बॅटरी ठणठणीत आहे, एसीतून शेंगांचा वास येत नाही, पहिल्या दोन्ही सर्व्हिसिंगमध्ये काही निघाले नाही. समोरच्या काकांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी बॉनेटकडे बोट दाखवून "मग हे काय?" असे विचारले. पांढऱ्या कागदाचा गोंद शोरूमने दोनदा आणि आमच्या गॅरेजवाल्या काकांनी एकदा पॉलिश करून काढला आहे. दुपारी तिथे काहीच दिसत नाही. पण नाशिकच्या थंडीत पहाटे गाडीवर दव धरते, तेव्हा बॉनेटच्या मधोमध एक चौकोन बाकीच्या पत्र्यापेक्षा थोडा उशिराने ओला होतो.